समोर या

सूत्रसंचालकानं हातातला कागद उलटला, माईकमध्ये घसा खाकरला आणि म्हणाला, "आता याच पवित्र हातांनी, आजच्या सत्कारमूर्ती कडूबाई आक्कांच्या हातांनी, आपल्या अध्यक्षांचे चिरंजीव विश्वजीत आणि फर्दापूरच्या सोनिया यांची सुपारी फुटेल!" टाळ्या पडल्या. कडूबाई नुकतीच खुर्चीत टेकली होती. खांद्यावरची शाल एका बाजूनं घसरत होती, मांडीवर नारळ होता आणि नारळाला टेकवून ठेवलेलं काचेचं स्मृतिचिन्ह, त्यावर कोरलेलं ‘नीतिमान सेवा गौरव’. पवित्र हात म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी, असंच तिला आधी वाटलं. मग सगळा हॉल तिच्याकडं बघायला लागला तेव्हा तिनं स्वतःचे हात पाहिले. तेवढ्यात मंडळाची एक बाई वाकली, नारळ उचलला, स्मृतिचिन्ह उचललं आणि रिकाम्या झालेल्या हातात अडकित्ता ठेवून गेली. इतक्या सफाईनं, की याची तालीम झाली असावी. एका क्षणापूर्वी काहीतरी दिलं होतं, एका क्षणात ते काढून घेतलं होतं आणि बदल्यात काम दिलं होतं. अडकित्त्याच्या दांड्याला कुणीतरी लाल-पिवळी रिबीन बांधली होती. त्या रिबिनीची गाठ कडूबाईनं नखानं ओढून पाहिली, ती सुटली नाही, आणि तिला राग चढला.

मघापर्यंत ती मजेत होती. गारखेड्यातलं हे मंगल कार्यालय तिच्या ओळखीचं, एप्रिलचा रविवार, चारी कोपऱ्यांत कूलर आणि कूलरपुढं जागा धरून बसलेल्या बायका. तिच्याआधी तिघांचा गौरव झाला होता. एक महसुलातला साहेब, जो निवृत्त झाल्यापासून अत्यंत प्रामाणिक होता. एक डॉक्टर, जो गरिबांकडून फी घेत नाही; त्याच्या दवाखान्याचं काचेचं दार ढकलायला गरीब माणूस धजत नाही ही गोष्ट वेगळी. आणि एक मुख्याध्यापक, ज्यानं उभ्या नोकरीत एकही रजा घेतली नाही. त्याच्या हाताखालच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या त्या बघण्यासारख्या होत्या, तळहात एकमेकांना लागू न देता. कडूबाई माणसं अशीच वाचायची. सवयच होती, धंद्याची म्हणा. समाजातली स्थळं जुळवता जुळवता तिला घराच्या उंबऱ्यावरच्या चपलांवरनं आतली माणसं कळायला लागली होती. कुणाच्या घरी पाहुण्यासमोर सून बसते आणि कुणाच्या घरी उभी राहते, कुठल्या घरात सासू बोलते आणि सासरा खोकतो, हे सगळं तिच्या डोक्यात नोंदलेलं असायचं. दुसऱ्या रांगेत तिचा नवरा बद्रीनाथ, एसटीतला निवृत्त मेकॅनिक, इस्त्रीच्या शर्टात मोबाइल उभा धरून शूटिंग करत होता आणि मधूनमधून खुणावत होता, पदर सारखा कर. या माणसानं आयुष्यात तिच्या पदराकडं एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं.

आणि पहिल्या रांगेत सोनियाची आई, आशाबाई बसली होती. ती का आलीय हे कडूबाईनं स्वतःला विचारलं नव्हतं. फर्दापुरात लेणीच्या रस्त्यावर आशाबाईची आणि तिच्या नवऱ्याची खाणावळ आहे, पर्यटकांच्या हंगामात त्यांना हलायला फुरसत नसते, तरी ती आलीय, नवी पैठणी नेसून, शेजारी पोरगी बसवून; आणि तरीही कडूबाईनं विचारलं नव्हतं. कारण तिच्या हिशेबात ते स्थळ मोडलं होतं. आठ-दहा दिवसांपूर्वी आशाबाईचा फोन आला होता, चौकशीचा. समाजात रीतच होती, सुपारी फुटण्याआधी कडूबाईला एक फोन. आणि कडूबाईचीही एक रीत होती. स्थळ चांगलं असलं तर ती फोनवरच सगळं सांगायची, हसत, चुलत्या-मावशांच्या स्वभावासकट. वाईट असलं तर फोनवर एक अक्षर नाही. "समोर या," एवढंच. फोनवरचं बोलणं लोक रेकॉर्ड करतात, दुसऱ्याला ऐकवतात; आणि दुसरं असं की वाईट सांगताना ऐकणाऱ्याचं तोंड दिसायला पाहिजे, म्हणजे सांगणाराही जपून सांगतो. आधी लोक खरंच समोर यायचे, ओट्यावर बसून पाणी पिऊन ऐकायचे. पुढं पुढं येणं बंद झालं. कडूबाई समोर या म्हणाली म्हणजे झालं, कळायचं ते कळलं, स्थळ गेलं. त्या दिवशी आशाबाईनं विचारलं होतं, "आक्का, शिवराज अण्णांचं घर कसं?" "घर चांगलं हाय." "आन् पोरगं?" "आशाबाई, तुम्ही समोर या." पलीकडं खाणावळीतल्या ताटांचा आवाज येत राहिला, कुणीतरी दोन फुल थाळी म्हणून ओरडलं. मग आशाबाई म्हणाली, "बरं." आणि ती आली नाही. कडूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली होती आणि मनातल्या मनात त्या स्थळावर काट मारली होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी शिवराज अण्णा घरी आले होते. समाज मंडळाचे अध्यक्ष, सिमेंटचे मोठे व्यापारी, आजवर तिच्या गल्लीत त्यांची गाडी कधी वळली नव्हती. "आक्का, समाजानं तुमची दखल घ्यायला लई उशीर केला," म्हणाले. "तुमच्यासारखं खरं बोलणारं माणूस आहे म्हणून तर पोरीबाळी सुखात आहेत." बद्रीनाथनं चहा स्वतः केला होता, आणि साखर विसरला होता, आणि अण्णांनी तो बिनसाखरेचा चहा गोड मानून घेतला होता. तेव्हाच बेरीज करायला पाहिजे होती. आशाबाईचा फोन, ‘समोर या’, ते तिच्या नवऱ्याच्या कानावर, त्याच्याकडून अण्णांच्या, आणि अण्णांची गाडी. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर कडूबाईनं भाजी निवडता निवडता उत्तर काढलं असतं. पण स्वतःचं नाव मधे आलं की शहाण्या माणसाचीसुद्धा बेरीज चुकते. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर गोलात तिचा चेहरा, फोटोवाल्यानं उजळ करून ठेवलेला. आणि कडूबाई चार दिवस भाजीला त्या चौकातून गेली, जवळचा भाजीवाला सोडून. फ्लेक्सखाली उभी राहून तिनं एकदा मेथी निवडूनही घेतली होती. आता स्टेजवर बसल्या बसल्या ती मेथी आठवली आणि कानाच्या पाळ्या पेटल्या.

तोंड बंद करायला आले असते तर तिला एवढा राग आला नसता. तोंड बंद करायला पुष्कळ जण येऊन गेले होते, काही दम देऊन, काही साडी घेऊन. साडी तिनं परत केली होती आणि दमावर ती हसली होती. अण्णांना तिचं गप्प बसणं नकोच होतं. त्यांना तिचं खरं बोलणं पाहिजे होतं. मघा मानपत्र वाचताना सूत्रसंचालकाचा आवाज कसा भरून आला होता: ज्यांनी कधी कुणाचं खोटं सांगितलं नाही, ज्यांच्या शब्दावर समाजानं लेकी दिल्या. ती खाली मान घालून ऐकत होती, लाजत होती. लाजत होती! आणि प्रत्येक वाक्य तिच्या अंगावरून घसरून शेजारच्या सोफ्यावर बसलेल्या विश्वजीतच्या डोक्यावर पडत होतं. खोटारड्या बाईनं फोडलेल्या सुपारीला कोण विचारतं? म्हणून आधी तिच्या खरेपणाचा शिक्का भर सभेत घडवायचा, आणि शाई ओली आहे तोवर तो पोराच्या कपाळावर उमटवून घ्यायचा. हिशेब सुंदर होता. व्यापारी माणूस, माल कुठून उचलायचा ते त्याला बरोबर कळलं होतं. आपला एवढ्या वर्षांचा शब्द असा कुणीतरी न विचारता गाडीत भरून नेला, याचा राग कसा असतो ते तिला आज पहिल्यांदा कळत होतं. तो छातीत नव्हता, बोटांच्या पेरांत होता.

विश्वजीत मघाशी पाया पडला होता. दोन्ही हातांनी, नीट वाकून, आजकालच्या पोरांसारखा गुडघ्याशीच हवेत हात फिरवून नव्हे. "मावशी, तब्येत बरीय ना? उन्हाचं फिरू नका," म्हणाला. आवाज मऊ. असाच तो पहिल्या बायकोशी, मोनिकाशीही बोलला असेल, शेतावरच्या त्या लग्नात. लॉकडाऊनमधलं लग्न, मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, ना पत्रिका ना पंगत. मोनिका शहागंजची, बापाचं बांगड्यांचं दुकान. वर्ष पुरं व्हायच्या आत ती माहेरी आली आणि कोर्टातून संमतीनं सगळं मिटलं, गुपचूप. तिच्या आईनं कडूबाईला बोलावून घेतलं होतं, पुढंमागं पोरीचं काही जमलं तर बघा म्हणून. कडूबाई दुकानावरच्या माडीत बसली होती. पोरगी बोलताना सारखी मान एका बाजूला वळवत होती, उजवा कान पुढं करून, आणि कडूबाईला आधी वाटलं होतं की लाजतेय. मग आईनं सांगितलं. एक थप्पड. भाजीत मीठ जास्त झालं किंवा कमी झालं, दोघींना आता तेही आठवत नव्हतं. डाव्या कानाचा पडदा गेला, आणि मागून पिकला, आणि ऑपरेशनचाही उपयोग झाला नाही. मोनिका म्हणाली होती, "ऐकू येतं तसं, मावशी. पण हॉर्न कुठून वाजला ते कळत नाही. रस्त्यात मधोमध उभी राहते मी. रिक्षावाले शिव्या देतात." आणि हसली होती. शहागंजात जन्मलेली पोरगी, त्या गर्दीतून डोळे मिटून शाळेला जाणारी, आता समोरच्या पानाच्या दुकानापर्यंत जाताना आईचा हात धरत होती. निघताना आई म्हणाली होती, "आक्का, तिचं नाव कुठं काढू नका." कडूबाईनं काढलं नव्हतं. आणि मंडळाच्या छापील वधू-वर पुस्तिकेत विश्वजीतच्या फोटोखाली लिहिलेलं तिनं गेल्याच महिन्यात वाचलं होतं: प्रथमवर, निर्व्यसनी, सुस्वभावी.

स्टेजवर सतरंजी अंथरली गेली, पाट मांडले गेले. आशाबाई वर आली, सोनिया आली, विश्वजीत मांडी घालून बसला. अण्णा कडूबाईच्या खुर्चीशी वाकले. फोटोवाल्याकडं बघून हसत होते आणि हसू न मोडता बोलत होते. "आक्का, चला. मुहूर्त जातोय."

"मला इचारलं का अण्णा?"

"मान आहे आक्का. मानाला काय विचारायचं असतं?"

"आन् पहिलीचं?"

"कोण पहिली?" अण्णांच्या कपाळावर खरोखरीची आठी पडली. ते नाटक करत नव्हते, हे कडूबाईला दिसलं, आणि नाटक असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"लॉकडाऊनमधली."

"अहो, ते लग्न होतं व्हय?" अण्णा मोकळे होऊन हसले. "तोंडाला फडकी बांधलेली, कोण आलं कोण गेलं पत्ता नाही. ते कुणी धरतं का? तुम्हीपण ना आक्का!" आणि त्यांनी तिला कोपराला धरून उठवलं, आदरानं, म्हातारीला उठवतात तसं. दुसऱ्या रांगेत बद्रीनाथनं अंगठा वर केला.

ती पाटावर बसली. समोर तांदळाची रास, त्यावर सुपारी. आशाबाई इतकी जवळ होती की तिच्या पैठणीच्या नव्या घडीचा वास येत होता. कडूबाई पुढं झुकली. बघणाऱ्याला वाटावं, विधीचं काही विचारतेय.

"आशाबाई, मी समोर बोलावलं होतं."

"व्हय."

"आला नाय."

"यायचं काय आक्का? तवाच कळलं." आशाबाई तांदळाकडं बघत होती. "तुम्ही समोर या म्हणला तवाच समजलं, पोराच्या हाताचं कायतरी आसंल, नायतर दारूचं."

"मग?"

"मग काय? कोणत्या घरात नाय? आमच्यात काय कमी खाल्ल्या का आम्ही?" तिचा आवाज अजिबात हलत नव्हता. "पोरगी सत्ताविसाची झाली. लेणी दाखवती लोकांला, गाईड हाय म्हणलं की स्थळवाले चपला घालत्यात. पुढं कोण इचारणार तिला? तुम्ही फोडा. कडूआक्कानं फोडली म्हणलं की भावकीत कुणी तोंड वर करणार नाय. मीच म्हणले अण्णांला, आक्काला घेतलं तर करू."

कूलरचा गार झोत पाठीवर येत होता आणि कडूबाईला घाम फुटला. म्हणजे गाडी एका बाजूनं नाही, दोन्ही बाजूंनी आली होती. अण्णांना शिक्का हवा होता, आशाबाईला हवा होता, पहिल्या रांगेतल्या चार-दोघांना तर सगळं ठाऊक असणार, ठाऊक असूनच ते टाळ्या वाजवत होते. खरं सांगणारी बाई लोकांना हवी असते ती खरं ऐकायला नव्हे. आपल्याकडं एक आहे, एवढं म्हणता यावं म्हणून. आता ती कुणाला सांगणार होती? ज्यांना सांगायचं ते सगळे जाणून बसले होते. तिची नजर पाटावरून पाटावर फिरत गेली आणि शेवटच्या पाटावर थांबली. सोनियाच्या डोक्यावर पदर होता, कपाळाला कुंकवाचा मोठा टिळा, आणि ती अडकित्त्याच्या रिबिनीकडं बघत होती. या एवढ्या वर्षांत बापांचे फोन आले, मामांचे आले, मोठ्या भावांचे आले. या पाटावरून कधी फोन आला नव्हता. या पाटाकडं नंबरच नसायचा.

"पोरी," कडूबाई म्हणाली, "तुला काही इचारायचंय का?"

सोनियानं मान वर केली. "मला?"

"तुलाच. या मुलाबद्दल. मी समोर हाय."

"आक्का, इकडं बघा, इकडं," फोटोवाला ओरडला. आशाबाईचा हात सोनियाच्या गुडघ्यावर येऊन बसला. सोनिया दिवसभर परक्या माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी. प्रश्न आपण करायची तिला सवय नव्हती. मग तिनं हळूच विचारलं, "यांचं आधी काही होतं का?"

"लग्न होतं."

"मग ती कुठं गेली?"

"माहेरी. एका कानानं बहिरी होऊन. यानं मारलं."

कडूबाईनं आवाज खाली ठेवला नव्हता आणि चढवलाही नव्हता. पाटाभोवती बसलेल्यांनी ऐकलं, पलीकडं कुणी नाही. विश्वजीत शांतपणे म्हणाला, "बाबा, फोटोवाल्याला जरा थांबवा." अण्णांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. सोनियानं आईकडं पाहिलं. "तुला म्हाईत होतं?" आशाबाईनं सोनियाच्या डोक्यावरचा पदर पुढं ओढला, कपाळ झाकेपर्यंत. सोनियानं तो मागं सारला आणि ती उठली. नवरी उठली म्हटल्यावर सुपारी फुटली असंच लोकांना वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, कोपऱ्यातल्या पोरानं स्पीकरवर सनई सोडली, बद्रीनाथ मोबाइल घेऊन पुढं धावला. त्या सनईत आणि टाळ्यांत सोनिया स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरून गेली.

कडूबाईनं अडकित्ता अण्णांच्या हातात दिला. "तुम्हीच फोडा," म्हणाली, "तुमच्या पवित्र हातांनी." "आक्का, तुम्हाला समाजात राहायचंय," अण्णा म्हणाले, आणि हे मात्र ते न हसता म्हणाले. "राहीन की," ती म्हणाली, "कुठं जातेय." बरं वाटेल, हलकं वाटेल, असं कुठंतरी वाटलं होतं. काही हलकं झालं नाही. राग होता तिथंच होता, उलट आता त्याला पाय फुटले होते. ती पायऱ्या उतरली.

मागच्या व्हरांड्यात हात धुवायची बेसिनं होती, बाजूला वाढपी पत्रावळी मोजत होते. सोनिया एका बेसिनपाशी उभी राहून कपाळाचा टिळा पुसत होती. पाणी गालावरून ओघळत होतं. कडूबाईला पाहिल्यावर ती विचारायलाच लागली, एकापाठोपाठ एक, जणू इतके दिवस सगळे प्रश्न दाबून ठेवले होते.

"दारू पितो?"

"नाय पीत."

"मग शुद्धीत मारलं?"

"शुद्धीत."

"सासू होती तिथं?"

"होती. टीव्हीचा आवाज वाढवला तिनं."

सोनियानं नळ बंद केला. आत सनई चालूच होती. कुणीतरी माईकवर सांगत होतं की भोजनाची व्यवस्था उजव्या हाताला आहे. "नाव काय तिचं?"

"ते नाय सांगणार."

"बरं करताय," सोनिया म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं, वाढप्यांकडं एकदा पाहिलं आणि आवाज एकदम बारीक केला. "मावशी, माझंबी कुणाला सांगू नका हां. सुपारीवरून उठली म्हणून. गावात कळलं तर मला तोंड दाखवायला..."

"का?"

कडूबाईला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. वाढप्यांचे हात पत्रावळींवर थांबले, आतल्या दारातून दोन-चार माना वळल्या, बद्रीनाथ मोबाइल तसाच धरून दारात येऊन उभा राहिला. "का गं? तू काय केलंस? तू काय केलंस?"